हाताला टेकू

बाळंतविडा शिवायला बसले, की आमच्या घरातले सगळे जुने कापड ओसरीवर येते. धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरे, विरत चाललेली लुगडी, कोणाच्या तरी परकराचा धड राहिलेला घेर. नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते, म्हणून हा सगळा जुन्याचा मान. त्यातून झबली बेतायची, टोपडी, दुपटी, लंगोट आणि शेवटी हौसेची म्हणून एक कुंची. माझ्या सासूबाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. सुईत दोरा त्यांना ओवता येत नाही. पण टाका वाकडा पडला, तर तो त्यांना बोटांनी कळतो.

यंदा चैत्रात असाच पसारा मांडून मी बसले होते. लेकीचे पहिलेच बाळंतपण. ते रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे आमच्याकडे जामखेडला व्हायचे होते. ती पुण्याला नोकरी करते. सहावा महिना सरत आला होता. तेवढ्यात तिचा फोन आला.

"आई, झबली-टोपडी पुष्कळ होतील गं. मला आधी झोपेचं काही तरी सांग. कुशीवर वळलं की कंबर भरून येते. इथे मैत्रिणीकडे एक उशी पाहिली, चंद्रकोरीसारखी. आता पोटाखाली आणि गुडघ्यांत घेऊन झोपायचं. बाळ झालं की तीच मांडीवर घ्यायची, आणि तिच्यावर बाळाला ठेवून पाजायचं. मागवू का? दोन-अडीच हजारांना पडेल."

"अडीच हजारांची उशी?" सासूबाईंनी ऐकले होते. "तेवढ्यात अख्खी गादी येईल!"

"मागवू नकोस," मी म्हणाले. "मी शिवते."

ती हसली. मग थोडा वेळ गप्प राहिली, आणि सहज बोलल्यासारखे करीत म्हणाली, "शिव तू. पण आई, तिचा उपयोग होईल ना? तुला दूध नव्हतं ना? मग मलाही नसेल, तर?"

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

'हिला दूध नव्हते' हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात पस्तीस-छत्तीस वर्षे नांदते आहे. हिला चष्मा आहे, तिला वांगे चालत नाही, तसे हिला दूध नव्हते. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. उलट सहानुभूतीच असे. मीही ते कधी खोडून काढले नाही. कारण खोडायचे, तर त्याच्यामागची सगळी हकिकत सांगावी लागली असती, आणि ती सांगायची मला लाज वाटत होती. गंमत अशी, की ज्या लेकीने मला हे विचारले, ती स्वतः दोन वर्षांची होईपर्यंत माझ्या अंगावर प्यालेली आहे. पण प्यालेले कोणाला आठवत नाही. ऐकलेले मात्र आठवते.

पहिला मुलगा झाला तो १९८९ साली, माझ्या माहेरी, तेव्हाच्या अहमदनगरला. प्रसूतिगृह खाजगी होते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा दंडक असा, की पहिले तीन दिवस बाळाला अंगावर घ्यायचे नाही. तो चीक असतो, जड असतो, बाधतो. तो पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट चाटवायचे. प्रसूतिगृहातल्यांनी याला हरकत तर घेतली नाहीच, उलट ग्लुकोजच्या पाण्याची वाटी आणून दिली.

चौथ्या दिवशी बाळ माझ्याजवळ दिले. लोखंडी खाट उंच, पाय लोंबकळणारे, पाठीला टेकायला काही नाही. बाळ मांडीवर, आणि मी त्याच्यावर ओणवी झालेली. कोणी म्हणे डोके नीट धर, कोणी म्हणे त्याचे नाक दाबू नकोस. पाच मिनिटांत खांद्यापासून मनगटापर्यंत रग लागे. हात खाली आला की बाळाचे तोंड सुटे, ते रडे, पुन्हा लावायचे. आठ दिवसांत चिरा पडल्या. बाळ जवळ आणले की मीच अंग चोरून घेऊ लागले. बाराव्या दिवशी बारशाला आलेल्या एक नातलग बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "दूधच कमी दिसतंय हिला."

झाले! निदान ठरले. संध्याकाळी भुकटीचा डबा घरात आला. त्या काळी अशा डब्यांवर गुबगुबीत, हसऱ्या बाळाचे चित्र असे. पुढे १९९२ साली कायदा झाला, आणि डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापायला बंदी आली. पण तेव्हा ते चित्र आमच्या फडताळातून माझ्याकडे पाहून हसत होते. बाटली सुरू झाली, तसे बाळ माझ्याकडे कमी येऊ लागले. बाळ जितके पिते तितके दूध येते, हा देहाचा हिशेब. त्यामुळे महिन्या-दीड महिन्यात मला खरोखरच दूध उरले नाही. अशा रीतीने त्या बाईंचे म्हणणे खरे ठरले.

तिसरा महिना संपता संपता मी सासरी आले. यजमान तेव्हा जामखेडपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. पाणी विहिरीचे. बाटली सकाळी एकदा उकळायची आणि दिवसभर नुसती खळबळून घ्यायची. पावसाळा लागला, आणि बाळाला हगवण सुरू झाली. दोन दिवसांत डोळे खोल गेले, टाळू आत गेली. शेजारची मुलगी धावत जाऊन गावातल्या मावशींना घेऊन आली.

या मावशी कोण, हे जामखेडकरांना सांगावे लागणार नाही, इतरांना सांगते. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी जामखेडला आले. वेल्लोरला डॉक्टरीचे शिक्षण आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून त्यांनी मुद्दाम हा अवर्षणाचा मुलूख निवडला होता. दवाखाना काढला, तरी खेड्यातली बाई आणि तिचे मूल तिथपर्यंत पोचत नाही, हे त्यांना लवकरच दिसले. खेड्यात पाठवलेल्या शिकलेल्या परिचारिकांचाही तिथे जम बसेना. तेव्हा त्यांनी गावालाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितले. निवडल्या गेलेल्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, गरीब होत्या; कितीजणी गावकुसाबाहेरच्या होत्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, आणि गावात परत जाऊन घरोघर तेच सांगायच्या. काम सुरू झाले तेव्हा या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांनी तो आकडा तिशीच्या आत आला होता. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. देशोदेशींची माणसे जामखेडला येऊन हे काम पाहून गेली. आमच्या गावात मात्र त्या सगळ्या कामाचा अर्थ एवढाच होता, की मावशी आहेत.

मावशींनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते चमच्याचमच्याने पाजायला बसवले, आणि बैलगाडी जुंपून आम्हांला जामखेडला धाडले. मुलगा वाचला. आज तो छत्तीस वर्षांचा आहे, आणि आमच्या दारातून आत येताना त्याला वाकावे लागते. पण त्या दोन रात्री मी अजून कोणापाशी बोललेले नाही. मी परत आले त्या दिवशी मावशी घरी आल्या, बाटली न बोलता उचलून घेऊन गेल्या, आणि तिच्या जागी वाटी-चमचा ठेवला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता, तर बरे वाटले असते.

१९९५ साली लेकीच्या वेळी माझी आई राहिली नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचे ठरले. मावशी पाचव्या महिन्यापासून घरी येत होत्या. चिकाचा प्रश्न त्यांनी आधीच निकालात काढला होता. एकदा आमची गाय व्यालेली; सासूबाईंनी वेलदोडा घालून खरवस केला, आणि मावशींच्या हातावर वडी ठेवली. ती खाता खाता मावशी म्हणाल्या, "गाईचा चीक ग्वाड लागतो, अन् सुनंचा तेवढा इख असतो व्हय?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण लेक जन्मली, तेव्हा तासाभराच्या आत त्यांनी स्वतःच तिला माझ्याजवळ आणून ठेवले. त्या दाट, पिवळसर थेंबांतून बाळाला रोगाशी झुंजायचे पहिले बळ मिळते, हे आज सगळेच डॉक्टर सांगतात. आम्हांला ते खरवसाच्या वडीने पटले.

पण चौथ्या दिवशी मी पुन्हा तशीच बसले होते. ओणवी, खांदे कानाला लागलेले, डोळ्यांत पाणी. बाळ रडत होते. दारात बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर ते वाक्य मला स्पष्ट दिसत होते. मावशी आत आल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "दूध कमी न्हाई तुमचं. हाताला टेकू न्हाई."

त्यांनी मला खाटेवरून उतरवून कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्याला पाठ लावून बसवले. वळणीवरची गोधडी ओढून तिची जाड वळकटी केली, ती माझ्या कमरेभोवती वळवली, आणि दोन्ही टोके पाठीमागे चिंधीने बांधून टाकली. त्या वळकटीवर बाळाला आडवे ठेवले. नुसते डोके माझ्याकडे वळवून नव्हे; सगळे अंगच वळवून, पोटाला पोट लावून. कान, खांदा, कंबर एका रेषेत. "तुमी तिच्याकडं वाकू नका. तिला तुमच्याकडं येऊ द्या. चिमनीच्या पिलावानी मोठा आ करंल, मंग घ्या जवळ." मी थांबले. तिने आ केला. मी तिला जवळ घेतले, आणि माझा हात वळकटीवर टेकला.

हात टेकला, तेव्हा खांदा उतरला. खांदा उतरला, तेव्हा श्वास मोकळा झाला. आणि मग मला एक बारीकसा आवाज ऐकू आला: घुटुक, घुटुक. पहिल्या मुलाच्या वेळी तो मी कधी ऐकलाच नव्हता. सासूबाई दारातल्या बायकांना म्हणाल्या, "चला गं, चहा टाकते."

तर लेकीने मोबाईलवर त्या विकतच्या उशीचे चित्र पाठवले, तेव्हा मी हसलेच. ही तर मावशींची वळकटी! फक्त तिला शिवण घातलेली.

मी वर्तमानपत्राचा कागद दुहेरी दुमडला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. बाहेरच्या वळणाला बावीस इंची परात ठेवली, आतल्याला आठ इंची झाकण, आणि पुढे कंबर आत शिरेल एवढे तोंड मोकळे सोडले. कागदावर घोड्याच्या नालासारखा आकार उमटला. खोळीसाठी मांजरपाट आणला. तो आटतो, म्हणून आधी भिजवून, वाळवून घेतला. दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडले, शिवणीला अर्धा इंच सोडला, आणि पायमशीनवर दुहेरी शिवण मारली. कापूस भरायला बाहेरच्या कडेला हातभर नव्हे, हात जाईल एवढीच फट ठेवली. आतल्या वळणावर कात्रीने जवळजवळ चिरा दिल्या. त्या दिल्या नाहीत, तर उलटल्यावर तिथे कापड ओढते. उलटून टोके लाटण्याच्या मुठीने बाहेर काढली.

पहिल्यांदा भरला तो सावरीचा कापूस. दिरांच्या बांधावर सावर आहे; उन्हाळ्यात तिची बोंडे फुटली, की रेशमासारखा कापूस उडू लागतो. उशी अशी फुगली, की पाहत राहावे. पण उशीची परीक्षा पाहण्याने होत नाही. मी धडप्यात तीन किलो ज्वारी बांधली, कारण नवे बाळ साधारण तेवढ्याच वजनाचे, आणि ती उशीवर ठेवली. ज्वारी हळूहळू खाली खाली जात माझ्या मांडीला टेकली. सावर म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला चांगली. बाळाला पेलायला नाही. सगळे उसवले.

मग पेठेतल्या गादीच्या दुकानात गेले. मी या गावात आले तेव्हा पिंजारी धनुकली खांद्यावर घेऊन दारोदार येत, आणि तिच्या तातीचा नाद गल्लीभर घुमे. आता यंत्रावर पिंजतात. त्या दिवसांत चौंडीला अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीची तयारी चालली होती. रस्त्याला मोटारींची दाटी, आणि दुकानात मंडपाच्या लोकांच्या गाद्यांची घाई. तरी दुकानदाराने माझा सव्वा किलो कापूस पिंजून दिला. "एवढीशी उशी कोणाची, काकू?" मी म्हणाले, "लेकीची. बाळाला पाजताना घ्यायची." त्याने मान हलवली. "मग ठासून भरा. कापूस बसतो चार महिन्यांत." आणि न तोलताच आणखी ओंजळभर पुडीत घातला. "हा वरचा ठेवा. बसला की भरा."

दुसऱ्यांदा मी मूठमूठ कापूस भरला, टोकांपासून मध्याकडे. कोपराने दाबले की दबावी, आणि कोपर काढले की वर यावी, इतकी घट्ट केली. घरात कोणी नव्हते. मी खाटेवर भिंतीला टेकून बसले, उशी कमरेभोवती घेतली, आणि ज्वारीचे गाठोडे तिच्यावर ठेवले. ते गेले नाही खाली. मी ते जवळ ओढले. ज्वारीला पोट नसते, तोंड नसते. पण हातांना त्याची पर्वा नव्हती. ते आपले ठाऊक असलेले करीत होते. किती वेळ बसले होते, कोण जाणे.

"काय गं, ज्वारी रडत होती काय?" यजमान दारात उभे होते. ते हसत होते. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचे हसू थांबले. ते आत आले, खाटेच्या कडेला बसले, आणि गाठोड्यावर हात ठेवून म्हणाले, "तो डबा मीच आणला होता. बारशाच्या दिवशी. तुझ्या वडिलांची सायकल घेऊन गेलो होतो."

इतक्या वर्षांत हे आम्ही एकमेकांना बोललो नव्हतो. मला वाटे, ते ओझे माझे एकटीचेच आहे.

उशीला अभ्रा शिवायचा राहिला होता. सासूबाई मात्र त्यात लक्ष घालीनात. त्यांचे चालले होते दुसऱ्याच उशीचे. बाळाचे डोके गोल यावे, म्हणून राईची उशी करायची. त्यांच्या सगळ्या मुलांना, नातवंडांना केलेली. लेकीने सांगितले होते, की डॉक्टर नको म्हणतात: वर्षाच्या आतले मूल झोपवायचे ते उताणे, सपाट, घट्ट बिछान्यावर, आणि जवळ उशी कसलीच नको, नाक दबण्याची भीती असते. सासूबाई रुसल्या. "मग ही तुमची एवढी मोठी उशी कशाला?"

"ही बाळासाठी नाही, आई," मी म्हणाले. "ही तिच्यासाठी आहे."

त्यांनी ओसरीवरच्या पसाऱ्याकडे पाहिले. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची. पिढ्यान्‌पिढ्या आपण बाळंतविडा शिवतो. त्याला नाव बाळंतिणीचे, आणि आत सगळे बाळाचे. सासूबाई थोडा वेळ तशाच बसल्या. मग उठून आत गेल्या, आणि ट्रंकेच्या तळाचे आपले जुने इरकली लुगडे घेऊन आल्या, सायीसारखे मऊ. "याचा कर अभ्रा," त्या म्हणाल्या. "दोन कर. एक धुवायला जाईल." राई त्यांनी फोडणीच्या डब्यात परत ओतली.

लेक डोहाळजेवणाला आली. बायका गेल्या, हिरव्या बांगड्यांचा किणकिणाट थांबला, आणि रात्री ती माझ्याशेजारी डाव्या कुशीवर, उशी गुडघ्यांत घेऊन पडली. तेव्हा मी तिला सगळे सांगितले. चीक, उंच खाट, डबा, विहिरीचे पाणी, मावशी, ज्वारीचे पोते. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग मी किती दिवस प्यायले?"

"दोन वर्षं. सोडवायला कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. तू तोंड वाकडं केलंस आणि पीतच राहिलीस."

ती इतकी हसली, की पोटावर हात धरून बसावे लागले.

आषाढात तिला मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली, त्यामुळे पोटावर टाके. बाळाला मांडीवर घेण्याची सोयच नव्हती. तिथल्या परिचारिकेने उशी कुशीला लावली, बाळाला काखेत धरावे तसे त्या उशीवर ठेवले, पाय मागच्या बाजूला. टाक्यांवर भार आला नाही. तिने एक गोष्ट मलाही शिकवली. "आजी, आधी बाळ आईच्या जवळ घ्यायचं, आणि मग राहिलेल्या पोकळीत उशी सरकवायची. उशीच्या उंचीसाठी बाळाला दूर न्यायचं नाही." मी उशी शिवली, म्हणून मला सगळे कळत होते असे नाही. आणखी तिने बजावले, की पिऊन बाळ झोपले की त्याला उशीवरून उचलून बिछान्यावर ठेवायचे. अमेरिकेत अशा उशांवर बाळे झोपवून अपघात झाले, आणि २०२४ साली तिथे त्यांच्यासाठी सक्तीचे नियम करावे लागले. कितीही चांगली असली, तरी ही उशी जागेपणाची आहे.

तिसऱ्या रात्री, अडीचच्या सुमारास, बाळ काही केल्या राहीना. दिवा लावला. लेक खाटेच्या कडेला, ओणवी, खांदे कानाला लागलेले, गालांवर पाणी.

"आई, दूध कमी आहे मला. खरंच कमी आहे."

माझी नजर बाळाकडे चालली होती. मी ती परत आणली, आणि लेकीकडे पाहिले.

"दूध कमी नाही गं तुझं," मी म्हणाले. "हाताला टेकू नाही."

भिंतीशी तक्क्या लावून तिला मागे टेकवले. बाळ जवळ आणले, मग उशी सरकवली. तिचा हात उशीवर टेकला, आणि खांदा खाली आला. थोड्या वेळाने मला तो आवाज ऐकू आला. घुटुक, घुटुक. अंधारात पलीकडच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "लागलं का?"

"लागलं," मी म्हणाले.

प्रत्येकीचे दुखणे उशीने बरे होते, असे मी म्हणणार नाही. काहींना खरेच दूध कमी असते, बाळाचे वजन भरत नाही. त्यांनी डॉक्टरांकडेच जावे. कुणाला हाताची खुर्ची पुरते, कुणाला नुसती घडी घातलेली चादर. पण बाईच्या तोंडावर 'कमी' हा शब्द टाकण्यापूर्वी, ती कशी बसली आहे, एवढे तरी कोणी पाहावे. पुरते की नाही, हे कळायची खूण सोपी आहे. पहिला आठवडा सरत आला, की दिवसरात्रीत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. सासूबाईंनी ते मोजण्याचे काम आपण होऊन घेतले. रोज संध्याकाळी दोरीवरचे लंगोट बोटांनी चाचपून त्या आकडा जाहीर करीत: आठ! नऊ! नातसून झाली असती, तरी इतक्या खूष झाल्या नसत्या.

राखी पौर्णिमेला मुलगा आला. दारातून वाकून आत आला, हातपाय धुतले, आणि भाचीला मागू लागला. एवढे लहान मूल धरायची त्याला सवय नाही; मी त्याला भिंतीशी बसवले, आणि इरकली अभ्र्याची उशी त्याच्या मांडीवर ठेवून तिच्यावर बाळ दिले. तो अगदी अवघडून, श्वास धरून तिच्याकडे पाहत राहिला.

"ही कसली उशी?" त्याने विचारले.

"पाजतानाची," मी म्हणाले.

"असं होय. मी तर बाटलीवरच वाढलो ना? तुला दूध नव्हतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला. "दूध होतं दादा. टेकू नव्हता."

"कसला टेकू?" तो म्हणाला. कोणीच काही बोलले नाही. यजमान वर्तमानपत्रात डोके घालून बसले होते. पान मात्र उलटत नव्हते. मुलगा पुन्हा बाळाकडे पाहू लागला, आणि त्याचा अवघडलेला हात हळूच उशीवर टेकला.

आता उशीचा डावीकडचा कापूस बसत चालला आहे; लेक त्या बाजूला जास्त घेते. दुकानदार म्हणाला होता, तसेच झाले. चकल्या-करंज्या आटोपल्या, की एका दुपारी फट उसवून भर घालायची आहे. त्याने न तोलता दिलेला ओंजळभर कापूस मी ट्रंकेत जपून ठेवला आहे. आणि ते तीन किलो ज्वारीचे गाठोडे मात्र अजून तसेच कोनाड्यात आहे. दळायला टाकायचे म्हणते, पण रोज राहून जाते.